शीवच्या टेकडीवर कुवाबारा

आठवडाभर मी त्यांचं बोलणं मराठीत ओतते:
बोगद्याचा व्यास, सिमेंटचा दर्जा,
उशीर का झाला, उशीर कुणामुळे झाला.
शनिवारी संध्याकाळी कुवाबारा म्हणाले,
इथे जवळ एखादा लहान किल्ला आहे का?
मोठा नको. तिकीट नको.
कुणी विचारत नाही असा.

म्हणून शीव. नावाचा अर्थच हद्द, मी सांगितलं.
अलीकडे कंपनी सरकार, खाडीपल्याड फिरंगी,
मधे ही टेकडी, पालथ्या वाटीएवढी.
अजूनही रिक्षा इथवरच. पुढे टॅक्सी.

बागेतल्या घसरगुंडीला वळसा घालून पायऱ्या.
जानेवारीचं धुरकट ऊन.
त्यांच्या पिशवीत मोजपट्टी, टोक केलेली पेन्सिल,
आणि पट्ट्याला अस्वलांसाठी बांधलेली घंटा,
सवयीने सोबत आलेली, दर पावलाला किणकिणणारी.
तटाच्या सावलीत गणितं सोडवणाऱ्या मुलाने मान वर केली.
त्याला वाटलं कुल्फीवाला.

वर पोचल्यावर पहिला प्रश्न: पाणी कुठे होतं?
कुणी बांधला, तोफा किती, ते नाही. पाणी.
पायथ्याशी बत्तीस वर्षं राहून
मला हे कधी सुचलं नव्हतं.

मग ते एकेक शब्द टाकत गेले
आणि माझ्याकडे प्रत्येकाला जोड निघत गेली,
माची, मेट, टाकं, जंग्या, दिंडी दरवाजा,
शाळेच्या सहलींनी तळाशी ठेवून दिलेली भांडी.
बोगद्यासाठी इतके शब्द मला कधी सापडले नाहीत.

भिंतीवर कोळशाने, खिळ्याने, नेलपॉलिशने लिहिलेलं.
हे काय?
मी वाचत गेले. सेल्वम, रुखसार.
बंटी अधिक काजल, त्यावर फुली.
मेरवीन, एकटाच.
त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, गंभीरपणे,
शिबंदीची यादी घ्यावी तसं.

त्यांच्या गावामागच्या डोंगरावर असाच एक.
भिंत नाही, बुरूज नाही. लाकूड होतं, ते गेलं.
चार सपाट जागा, एक कोरडा खंदक
आणि दगडी खांब: इथे किल्ला होता.
लढाई? झालीच नाही कधी.
पहारेकरी बारा-तेरा, बहुधा कंटाळलेले.
वडील शरदात वर जाऊन गवत कापत.
घराघराची पाळी असायची.
घरं कमी झाली तशी पाळी लवकर लवकर यायला लागली,
मग दरवर्षी वडिलांचीच.
गेल्या शरदात कुणाचीच नव्हती.

बोलता बोलता त्यांचा हात
दगडांच्या सांध्यातल्या पिंपळाच्या रोपाकडे गेला.
उपटू का, विचारा म्हणाले.
रखवालदार निवाते तंबाखू मळत होते.
"नका. आता तेच भिंतीला धरून आहे."
मी जपानीत सांगितलं. क्रियापद तिथेही शेवटी येतं.
वाक्य संपेपर्यंत रोप चिमटीत होतं.
मग सुटलं.

पडक्या किल्ल्याला त्यांच्या भाषेत
किल्ला, आणि पुढे 'आतो'.
मी आजवर अवशेष म्हणत आले. तो शब्द म्युझियमचा.
आतो म्हणजे चिखलात राहिलेलं पाऊल,
आणि तोच उच्चार पाठीमागचं सांगतो,
नंतरचंही.
खाडीकडे, मिठागरांकडे बघताना मला एकदम सापडलं.
माग.
मागे. मागाहून.
मोठ्याने म्हणाले मी. निवात्यांनी वळून पाहिलं.
कुवाबारांनी तीनदा म्हणून बघितलं,
ग वर थोडं थांबून.

उतरताना घंटा त्यांनी मुठीत धरली.
मुलाचं गणित सुटलेलं दिसत नव्हतं.
उद्या दहाला मीटिंग: उशीर का झाला.
टॅक्सीचं दार लावता लावता
ते मराठीत म्हणाले, "मागाहून."

पाणी कुठे होतं, ते राहिलंच.